झुल्यावर साडी चालत नाही

आई अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाली, त्या दुपारी ढाणकीच्या अंगणवाडीत छोटासा कार्यक्रम ठेवला होता. शाल-श्रीफळ झालं, दोन-तीन भाषणं झाली. ज्यांना तिने पाटीवर गिरवायला शिकवलं होतं, त्यांतले बरेचजण आता स्वतःची पोरं कडेवर घेऊन उभे होते. आई खुर्चीवर अवघडून बसली होती. बसून दुसऱ्याचं ऐकायची तिला सवयच नव्हती. एक भाषण ऐन रंगात आलेलं असताना ती उठली, मागे रडणाऱ्या एका पोराचं नाक पदराने पुसलं आणि पुन्हा येऊन बसली.

घरी आल्यावर चहा घेताना दादाने विषय काढला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. ढाणकीतच त्याचं बियाणं-खतांचं दुकान आहे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आई त्याच्याच घरी असते. घरात वहिनी आणि त्यांची एक मुलगी, माझी भाची.

"आई," दादा म्हणाला, "आता तुले मोकळीक हाये. कुठं जाचं ते सांग. तिरुपती म्हण, शिर्डी म्हण. सारेच जाऊ."

आईने बशी खाली ठेवली. "मले त्या हैदराबादच्या पार्कात जाचं हाये."

"कोणत्या पार्कात?"

"मोबाईलमधी दाखवते ना ही पोट्टी. त्यातली ती गाडी उलटी होते, लोक वरडतात. तिच्यात बसाचं हाये मले."

आधी भाची हसली, मग आम्ही सगळेच हसलो. आई हसली नाही. आमचं हसू संपेपर्यंत ती थांबली आणि म्हणाली, "झालं? मंग कधी जाचं ते ठरवा."

"पण काहून?" दादाने विचारलं.

"काहून म्हणजे? पोट्टे बसतात तवा त्यायले कोणी इचारते काय, काहून बसता म्हणून?"

विषय तिथेच राहिला आणि मी संध्याकाळच्या बसने पुसदवरून दिग्रसला परत आले. दिग्रसला माझं शिलाईचं दुकान आहे, बसस्टँडपासून जवळच. ब्लाऊज, ड्रेस, शाळेचे गणवेश, सगळं शिवते. कापसाचा हंगाम असला की माझ्या नवऱ्याला, यांना, जिनिंगमधून सुट्टी मिळत नाही, म्हणून माहेरी मी बहुतेक एकटीच जाते.

आई विसरेल असं दादाला वाटलं होतं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी, मी दुकानाचं शटर वर करत होते तेव्हा तिचा फोन आला.

"तू पाह्य वं त्या पार्काचं. तुह्या भावाच्या भरवशावर राह्यली तर तो मले तिरुपतीच दाखवन."

"आई, तुले झेपन का पण? वरून खाली येते ती गाडी. पोटात गोळा येते."

"येऊ दे ना मंग गोळा. त्याच्यासाठीच तर जातात लोक."

मग मी तिची बाजू घेतली. दादाला फोन केला. तो सरळ नाही म्हणाला नाही, त्याची ती पद्धतच नाही. तो म्हणाला, "पह्यले डॉक्टरले इचारू. त्यायनं हो म्हटलं तर जाऊ." त्याला खात्री होती की डॉक्टर नाहीच म्हणणार. आईचं बीपी थोडं वर असायचं आणि डावा गुडघा कुरकुरायचा. तिला घेऊन तो उमरखेडला गेला. डॉक्टर वयाने तरुण होते. त्यांनी तपासलं, कार्डिओग्राम काढला आणि विचारलं, "आजी, कायले बसाचं हाये तुम्हाले त्याच्यात?" आईने तेच उत्तर दिलं, जे आम्हाला दिलं होतं. डॉक्टर हसले. म्हणाले, हृदय ठीक आहे. मीठ कमी करा, रोज चाला, बीपी आटोक्यात आलं तर हरकत नाही. फार मोठ्या गाडीत मात्र नको, जरा मध्यमशा गाडीत बसा.

दादा हिरमुसला होऊन परतला. आई परतली ती लोणच्याच्या बरणीवर फडकं बांधून वरच्या फळीवर ठेवायलाच. लोणच्याशिवाय तिच्या घशाखाली भाकर उतरत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. त्या दिवसापासून तिने लोणचं सोडलं, पापड सोडला, ठेच्यातलं मीठ अर्धं केलं. वहिनी सांगायची, "जेवताना त्या फळीकडं पाह्यतात, पण मागत नाईत." सकाळी उजाडलं की शाळेच्या मैदानाला फेऱ्या घालायची. सुरुवातीला गुडघा धरून, मग सावकाश, मग बऱ्यापैकी झपाट्याने. गावातल्या बाया विचारायच्या, "बाई, शुगर निघाली काय?" आई म्हणायची, "नाई. झुल्यात बसाचं हाये." बायांना वाटायचं ती थट्टा करते.

एकदा मी गेले असताना तिने मला एक गोष्ट सांगितली. अंगणवाडीच्या अंगणात लोखंडाची घसरगुंडी होती. पोरं दिवसभर तिच्यावर, आणि ही खाली हात पसरून उभी. एका दुपारी सगळी पोरं घरी गेल्यावर, मदतनीस बाई भांडी घासायला हापशीवर गेलेली, आईने इकडेतिकडे पाहिलं आणि शिडी चढली.

"मंग?"

"मंग काय. उन्हानं पत्रा तापला व्हता. असा चटका बसला म्हून सांगू!" ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. "पण घसरली मी. खालपर्यंत."

तिला ती गाडी का हवी होती, याचं कारण ही गोष्ट आहे असं मी म्हणणार नाही. तिने तसं म्हटलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

दिवाळी झाली, आईचं बीपी आटोक्यात आलं. संक्रांतीनंतर जायचं ठरलं. तोवर दादाच्या दुकानातली गर्दी ओसरते. मी पार्कात फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. तिकीट कसं, जेवणाचं काय, किती वाजता उघडतं, सगळं विचारून झाल्यावर मी सहज म्हटलं, सोबत माझी आई आहे, वयस्क आहे, तिला पाळण्यात बसायचं आहे.

"कौनसे झूले में, ये वहाँ का स्टाफ देखेगा," तो म्हणाला. "लेकिन मॅडम, साडी नहीं चलेगी. साडी, दुपट्टा, कुछ भी ढीला नहीं. अटक जाता है."

मी फोन ठेवला. आयुष्यभर आईला मी साडीशिवाय पाहिलं नव्हतं. घरात सुती साडी, अंगणवाडीत गणवेशाची साडी, लग्नकार्यात काठाची. आजारी असतानासुद्धा साडीच. आता एवढं लोणचं सोडून, एवढं चालून, हे तिला कसं सांगायचं?

फोनवर सांगायचा धीर झाला नाही. म्हणून रविवारी गेलेच. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी शेजारी बसले, दोन-चार शेंगा सोलल्या आणि सांगून टाकलं. ती शेंगा सोलतच राहिली. दादा दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला. "चला," तो म्हणाला, "देवाच्याच मनात नाई म्हणा ना."

आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपली भरली, ती उचलून आत नेऊन ठेवली, हात धुतले आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "मंग शिव."

"काय शिवू?"

"जे चालते ते. तू लोकायच्या पोरीयचे शिवते ना? तसा मले शिव."

दादा संतापला. तो कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. "आई, या वयात ड्रेस घालशीन? गावात इज्जत हाये आपली. लोक काय म्हणतीन, बाईले म्हातारपणी फॅशन सुचली?"

"म्हणू दे."

"मले दुकानात बसा लागते. मले आयका लागते."

"मंग आयक," आई म्हणाली. "मी बी आयकलं. तुह्या बापाच्या मागं नोकरी केली तवा काय कमी आयकलं काय? तवा तर तुले त्यात काही वाईट दिसलं नाई."

दादा दुकानात निघून गेला. जेवायलाही आला नाही.

मी टेप आणलाच होता. खरं म्हणजे टेप माझ्या पर्समध्ये कायमच असतो. आईचे ब्लाऊज मी लग्नाआधीपासून शिवत आले, तिच्या छातीचं, खांद्याचं, दंडाचं माप मला पाठ आहे. पण त्या दुपारी पहिल्यांदाच मी तिच्या कमरेपासून घोट्यापर्यंत टेप सोडला. ती भिंतीला हात लावून उभी होती. घोट्याचं माप घ्यायला मी खाली बसले तेव्हा तिने पाय मागे घेतला.

"पायाले हात नोको लावू."

"आई, माप कसं घेऊ मंग?"

"घे, पण लौकर."

ओढणी चालणार नव्हती, हा दुसरा पेच. ड्रेस घातला तरी ओढणीशिवाय आई घराबाहेर पाऊल टाकणार नाही हे मला ठाऊक होतं. मी खूप डोकं चालवलं. शेवटी जांभळ्या सुती कापडाचा गुडघ्याखालपर्यंत येणारा कुर्ता शिवला, बंद गळ्याचा, आणि वरून त्याच रंगाची बिनबाह्यांची कोटी, समोर बटणं असलेली. कोटीमुळे अंग झाकलं जात होतं आणि सुटं काहीच लोंबत नव्हतं. खाली सलवार, पण मोहरी, म्हणजे पायाकडचा घेर, अरुंद. शिवून झाल्यावर दुकानातल्या पुतळ्याला घालून पाहिला तर एक गिऱ्हाईक म्हणालं, "छान हाये, कोणाचा?" मी म्हटलं, "माह्या आईचा." त्या बाईला वाटलं मी तिची फिरकी घेते.

ड्रेस घेऊन गेले तेव्हा आईने तो आतल्या खोलीत घातला आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. वहिनी आणि मी बाहेर उभ्या. आली तेव्हा दोन्ही हात पोटावर धरून, जणू पदर शोधत. मग एक हात सोडला. मग दुसरा. अंगणात एक चक्कर मारली, मोठी टांग टाकून पाहिली.

"मोकळं वाटते," ती म्हणाली. पुढे म्हणाली, "तिथं जाऊन पह्यल्यांदा घातला तर मी लाजतच राहीन. इथंच सवय करा लागन."

आणि ती आठवडी बाजाराला निघाली. मी सोबत होते. पिशवी माझ्या हातात, भाव तिने केले. मेथीवालीने भाजी बांधता बांधता तिच्याकडे दोनदा पाहिलं. चौकातल्या पानठेल्यावर कुणीतरी काहीतरी बोललं, मला नीट ऐकू आलं नाही. आई थांबली. मागे वळली. पानठेल्यावरच्या त्या माणसाकडे पाहून तिने त्याला नावाने हाक मारली, कारण तोही तिच्याच अंगणवाडीतला. "काय म्हणून राह्यला रे? जोरात म्हण, मले कमी आयकू येते." तो उभा राहून म्हणाला, "काई नाई बाई, चांगला दिसते म्हटलं." ती म्हणाली, "हाव, पोरीनं शिवला," आणि कांद्याच्या ढिगाकडे गेली. तिचे कान मात्र लाल झाले होते, ते मी पाहिलं.

खरी गोष्ट त्या संध्याकाळी घडली. आई ओसरीवर पाय पसरून बसली होती, अजून ड्रेसमध्येच. वहिनी तिच्यासाठी चहा घेऊन आली, कप ठेवला आणि तिथेच उभी राहिली. माझी वहिनी कमी बोलते. पदर डोक्यावरून कधी ढळू देत नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती कॉलेजात जाणारी पोरगी होती, ड्रेस घालणारी. त्यानंतर या घरात तिला मी साडीतच पाहिली.

"ताई," ती मला म्हणाली, "मले बी एक शिवून द्या."

मी काही म्हणायच्या आत आई बोलली, "तुले बी बसाचं हाये झुल्यात?"

"हाव. पण तेवढ्यासाठी नाई." वहिनी बोलतच राहिली. "मले घरात बी घालाचा हाये. पाणी भरताना, पोरीच्या शाळेत जाताना."

"मंग घालाचा व्हता. मी कधी नाई म्हटलं तुले?"

"तुम्ही कधी हो बी नाई म्हटलं, आई."

चहावर साय धरली तरी आईने कप उचलला नाही. मी वहिनीकडे पाहत होते आणि वहिनी जमिनीकडे. मग आई सरकली, ओसरीवर जागा केली आणि वहिनीचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"टेप काढ," ती मला म्हणाली. "हिचं माप घे. दोन शिव. एक गावाले, एक घरी."

दादा दुकानातून आला तेव्हा वहिनी दोन्ही हात पसरून उभी होती आणि मी तिच्या खांद्याचं माप घेत होते. तो दारातच थबकला. आईने नुसतं म्हटलं, "जेवाले बस. आज तुले मी वाढते." तो जेवला, हात धुतला आणि मग म्हणाला, "नांदेडवरून रेल्वेचं तिकीट काढा लागन. जागा भरून जातीन नाई तं."

संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो. ढाणकीहून उमरखेड, तिथून बसने नांदेड, मग रेल्वे. आई, दादा, वहिनी, भाची आणि मी. यांना हंगामामुळे येता आलं नाही. आईने शिदोरीला ज्वारीच्या भाकरी आणि बिनमिठाची चटणी घेतली होती, आमच्यासाठी मिठाची वेगळी.

पार्काच्या दारातून आत गेल्यावर दादाच आधी बावरला. एवढी माणसं, एवढा गोंगाट, आणि सगळ्यांवर उंच वळणं घेत जाणारा तो लोखंडी रूळ. वरून गाडी गेली की किंकाळ्या अंगावर पडल्यासारख्या वाटायच्या. आईने मान वर करून ती गाडी पूर्ण फिरेपर्यंत पाहिली. "हीच," ती म्हणाली आणि रांगेकडे चालू लागली.

"डॉक्टरनं मोठीत नोको म्हटलं व्हतं, आई," मी म्हटलं.

"पाह्यतील ना इथले लोक."

रांग लांब होती. आमच्या पुढे एक बाई होती, काठाची साडी नेसलेली, सोबत दोन मुलगे. दाराशी गणवेशातल्या मुलीने तिला थांबवलं. मुलगे आत गेले, ती बाहेर आली. जाताना तिने आईच्या कुर्त्याकडे पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "माँजी, ये कहाँ से लिया?" आईने माझ्या दंडाला धरून मला पुढे केलं. "मेरी लडकी सिलती है."

मग आमची पाळी आली. त्या मुलीने आईला निरखून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अम्मा, साठ के ऊपर इसमें अलाउड नहीं है."

"मैं फिट है," आई म्हणाली. "डॉक्टर ने देखा."

"मालूम है अम्मा. लेकिन मेरी नौकरी चली जाएगी."

मला वाटलं आई आता वाद घालेल. पण नोकरीचं नाव ऐकून ती एक पाऊल मागे सरली. "दुसरी कोणती हाये?" तिने मला विचारलं. मी विचारून घेतलं. पलीकडे एक मध्यम गाडी होती, उलटी न होणारी, पण चढ-उतार भरपूर. तिच्यात साठीवरची माणसं चालत होती.

तिच्यात आई पहिल्या डब्यात बसली. दादा बॅगा सांभाळतो म्हणत होता, तिने त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. वहिनी, भाची आणि मी मागे. गाडी कडकड आवाज करत वर चढली आणि टोकाला पोचल्यावर दादाने "आई गं" म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. मग आम्ही खाली पडलो. मी ओरडले, भाची ओरडली. आई ओरडली नाही, ती हसत होती, मोठ्याने, तोंडाला काही न लावता. खाली आल्यावर दादा जमिनीवरच बसला. आईने त्याला पाणी दिलं आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली. दुसऱ्यांदा ती एकटीच बसली.

दुपारी भाकरी खाऊन आम्ही झाडाखाली बसलो होतो. ती मोठी गाडी समोरच दिसत होती. आई तिच्याकडे पाहत होती. मग ती वहिनीकडे वळली. वहिनीने मोरपंखी ड्रेस घातला होता.

"तू जा."

"मी? एकटी?"

"तुले तर वयाची अडचण नाई. जा. मी इथून पाह्यते."

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "जा ना मंग. मी नाई येत बापा." वहिनी गेली. आम्ही तिला वर चढताना शोधत राहिलो. भाचीने बोट दाखवलं, "ते पाह्य, आई!" गाडी उलटी झाली, सरळ झाली, पुन्हा उलटी झाली. आईने ऊन लागू नये म्हणून डोळ्यांवर हात आडवा धरला होता आणि गाडी जिकडे जाईल तिकडे तिची मान फिरत होती.

वहिनी परत आली तेव्हा तिच्या वेणीचं रबर कुठेतरी उडून गेलं होतं. केस सगळे मोकळे, चेहरा पांढराफटक. ती धपकन आईजवळ बसली. आईने तिच्या पाठीवर हात फिरवला आणि जरा वेळाने विचारलं, "वरून काय दिसते वं?"

"काई नाई दिसलं, आई." वहिनीला धाप लागली होती. "म्या डोळेच मिटून घेतले व्हते."

आईने तिच्याकडे पाहिलं. तिचे केस दोन्ही हातांनी मागे ओढले, स्वतःच्या अंबाड्याची पिन काढून त्यांना लावली आणि तिला उठवून उभं केलं.

"मंग अजून एक डाव जा," ती म्हणाली. "आता डोळे उघडे ठेवजो."

वहिनी पुन्हा रांगेकडे निघाली.